सैतानाचा पूल आणि फुगडीचं गणित

१६७० साली इटलीतल्या लुका प्रजासत्ताकाच्या सभेनं एक हुकूम काढला. सेर्कियो नदीवरच्या जुन्या पुलावरून गिरणीची दगडी जाती न्यायची नाहीत आणि पिठाची पोतीही न्यायची नाहीत. पूल टिकला पाहिजे, एवढंच कारण होतं. त्या डोंगराळ मुलखात चेस्टनटच्या पिठावर गोरगरिबांची पोटं भरत. अशा ठिकाणी पिठाची वाट वळवणं म्हणजे लोकांच्या रोजच्या भाकरीच्या वाटेत आडवं येणं. तरीही सभेनं पुलाची बाजू घेतली. तेव्हाच तो पूल कित्येक पिढ्यांचा म्हातारा होता. आज, त्या हुकमाला साडेतीनशे वर्षं उलटून गेल्यावरही, तो जागेवर आहे.

लुका शहरातून नदीच्या काठाकाठानं साधारण वीस किलोमीटर उत्तरेला गेलं की बोर्गो आ मोत्सानो नावाचं गाव लागतं. एका बाजूला आपुआन डोंगर, दुसऱ्या बाजूला अपेनाइन. मधल्या अरुंद खोऱ्यात सेर्कियो वाहते आणि तिच्यावर हा दगडी पूल कुबड काढून उभा आहे. कागदोपत्री नाव ‘पोन्ते देल्ला माद्दालेना’, म्हणजे मॅग्डालेनचा पूल. काठावरच्या संत मेरी मॅग्डालेनच्या छोट्या प्रार्थनास्थळावरून सन १५०० च्या सुमारास हे नाव पडलं. पण पंचक्रोशीत त्याला ‘सैतानाचा पूल’च म्हणतात.

पहिल्यांदा पाहणाऱ्याला तो वेडावाकडा वाटतो. कमानी एकसारख्या नाहीत. लहान कमानी पायऱ्यांसारख्या चढत जातात आणि मग एकदम एक अवाढव्य कमान नदीचं मुख्य पात्र एका झेपेत ओलांडते. तिचा गाळा ३७.८ मीटर, म्हणजे तीन एसटी बस एकामागे एक उभ्या केल्या तर मावतील एवढा. कमान जवळजवळ अर्धवर्तुळाची, आणि अर्धवर्तुळ म्हटलं की रुंदीच्या निम्मी उंची आलीच. म्हणून पुलावरची वाट सपाट नाही. ती घाटासारखी चढते. दगडी फरसबंदीवरून धापा टाकत माथ्यावर पोचायचं आणि तसंच उतरायचं. तिथल्या वाटा तुडवणाऱ्या यात्रेकरूंच्या आणि खेचरांच्या पायांना सपाटीची सवय नव्हतीच.

पूल कुणी बांधला, याचं उत्तर परंपरेनं माटिल्डा या सरदारणीच्या पदरात टाकलं आहे. टस्कनीची ही कर्तबगार राज्यकर्ती १०४६ ते १११५ या काळात होऊन गेली. पुढं चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला लुकाचा सत्ताधीश कास्त्रुच्चो कास्त्राकानी यानं पुलाचं मोठं काम करवून घेतलं असं मानतात. प्रत्यक्ष दगड घडवणाऱ्या पाथरवटांची आणि ते बसवणाऱ्या गवंड्यांची नावं इतिहासात उरलेली नाहीत. त्या रिकाम्या जागेत दंतकथा येऊन बसली.

कथा अशी. काम मुदतीत पुरं होईना म्हणून हवालदिल झालेला मुख्य गवंडी नदीकाठी बसला होता. सैतान आला. म्हणाला, एका रात्रीत पूल पुरा करतो, पण त्यावरून पहिला जो जाईल त्याचा जीव माझा. सकाळी पूल तयार. गवंड्यानं शक्कल लढवली आणि सर्वांत आधी एका डुकराला पुलावर पिटाळलं. काहींच्या तोंडी डुकराऐवजी कुत्रा येतो. फसलेल्या सैतानानं चिडून नदीत उडी घेतली. आपल्याकडं हेमाडपंती देवळाविषयी विचारलं की गावातला एखादा म्हातारा हमखास सांगतो, ‘पांडवांनी एका रात्रीत बांधलं.’ काम माणसाच्या आवाक्याबाहेरचं वाटलं की लोकांची कल्पना दोन्हीकडं सारखीच धावते. बांधकामात जीव मागणारी शक्तीही आपल्या धरणांच्या आणि पुलांच्या कथांमध्ये भेटतेच.

आणि कमान बांधताना खरोखरच एक क्षण असा येतो की सैतानाची आठवण व्हावी.

दगडी कमान अर्धवट अवस्थेत स्वतःच्या बळावर उभी राहू शकत नाही. आधी नदीपात्रात लाकडाचा प्रचंड साचा उभारावा लागतो, कमानीच्या पोटाच्या आकाराचा. त्यावर दोन्ही काठांकडून पाचरीसारखे घडवलेले दगड एकेक करून बसवत माथ्याकडं यायचं. समतोल सांभाळत यायचं, नाहीतर साचाच एका अंगाला कलतो. शेवटी माथ्यावर एकाच दगडाची फट उरते. तिथं चावीचा दगड बसला की कमान पुरी होते. पण अजून सगळा भार लाकडावरच असतो. मग साच्याखालच्या लाकडी पाचरी हळूहळू ठोकून सैल केल्या जातात. साचा खाली उतरतो, दगड एकमेकांवर रेलतात, सांध्यांतला चुना दाबला जातो आणि कमान किंचित खाली बसते. या काही घटकांमध्ये सगळा निकाल लागतो. पूर आधी आला तर साचा वाहून जाणार; पाचरी चुकीच्या ठोकल्या तर कमान. सेर्कियोच्या काठी ही शेवटची पाचर कुणी काढली असेल, तो माणूस त्या दिवशी काय बोलला असेल, हे कळायला आता मार्ग नाही.

दगड एकमेकांवर रेलतात म्हणजे नेमकं काय होतं? फुगडी आठवून पाहा. दोघी हात घट्ट धरून मागं झुकतात, तेव्हा हातांत ताण असतो. हात सुटले तर दोघी मागं पडतात. आता हेच उलटं करा. दोघी समोरासमोर उभ्या राहून एकमेकींच्या तळहातांवर तळहात टेकवतात आणि पुढं रेलतात. आता हातांत ताण नाही, दाब आहे. हात धरून ठेवायचीही गरज नाही. नुसते टेकले तरी पुरे. मात्र दोघींचे पाय मागं घसरू पाहतात. जमीन गुळगुळीत असेल तर दोघी तोंडावर आपटणार. कमान म्हणजे हे रेलणं. तळहातांच्या जागी दगडांचे सांधे, आणि पायांच्या जागी काठावरचे भरभक्कम आधार व पात्रातले खांब. या पायांना कमान आयुष्यभर खाली दाबत असते आणि बाहेर रेटत असते. हा रेटा रात्रंदिवस चालू असतो, पुलावर चिटपाखरू नसलं तरी.

ताण आणि दाब यांचं हे उलटं नातं रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञानं १६७५ च्या सुमारास ओळखलं. दोन्ही टोकांना धरलेली साखळी आपल्या वजनानं एक ठरावीक वक्र आकार घेते. तिच्या प्रत्येक कडीत फक्त ताण असतो. तोच आकार उलटा करून कडक वस्तूचा बनवला तर त्यात फक्त दाब राहील, असं त्याचं म्हणणं. दगडाला नेमकं हेच हवं असतं. दगड दाब सोसतो, ताण सोसत नाही. श्रेय कुणी पळवू नये म्हणून हूकनं हे उत्तर लॅटिन अक्षरांची सरमिसळ करून कोड्याच्या रूपात छापलं. तो १७०३ मध्ये वारला आणि कोड्याचा उलगडा छापून यायला १७०५ साल उजाडलं. घरी गळ्यातली साखळी दोन बोटांत धरून भिंतीवर तिची सावली पाडली तरी हा आकार दिसतो. साखळीच्या एका बाजूला किल्ली अडकवली की आकार लगेच बदलतो, तोही पाहावा. कमानीवर एका बाजूला जड गाडी चढली की आतल्या दाबाची वाट अशीच सरकते.

पण सेर्कियोवरची कमान साखळीच्या आकाराची नाही, अर्धवर्तुळाकार आहे. मग ती उभी कशी? कारण तिला जाडी आहे. उलटी केलेली साखळी दगडांच्या जाडीच्या आत कुठं तरी बसली, की झालं. डेव्हिड ग्रेगरी या गणितज्ञानं १६९७ मध्ये हाच मुद्दा मांडला. मग पुढचा प्रश्न येतो, जाडी कमीत कमी किती हवी? अर्धवर्तुळाकार कमानीसाठी याचं अचूक उत्तर १९०७ मध्ये दिलं मिलुतिन मिलांकोविच यांनी. हो, तेच सर्बियन शास्त्रज्ञ, ज्यांनी पुढं पृथ्वीच्या कक्षेतल्या बदलांचा हिमयुगांशी संबंध जोडला. तरुणपणी ते बांधकाम अभियंता होते. त्यांच्या हिशेबानं स्वतःच्याच वजनावर उभ्या अर्धवर्तुळाची जाडी त्रिज्येच्या सुमारे १०.७५ टक्के तरी हवी. ३७.८ मीटरच्या गाळ्याला हे लावलं तर साधारण दोन मीटर होतात. प्रत्यक्ष पुलात कमानीच्या खांद्यांवर दगडमातीचा भर घातलेला असतो, तो तिला दोन्ही बाजूंनी आवळून धरतो आणि त्यामुळं याहून पातळ कमानीही टिकतात. मध्ययुगातल्या गवंड्याकडं यातलं एकही समीकरण नव्हतं. पाहिलेल्या, बांधलेल्या आणि पडलेल्या कमानींवरून त्याच्या हाताला ही प्रमाणं ठाऊक झाली होती.

दगड चिरडला जाईल ही भीती तर जवळपास सोडूनच द्यावी. केंब्रिजचे प्राध्यापक जॅक हेमन यांनी १९६० च्या दशकात दगडी बांधकामाचं शास्त्र नव्यानं मांडलं. मध्यम प्रतीचा वालुकाश्म एकावर एक रचत गेलं तर खालचा दगड फुटायला तो स्तंभ सुमारे दोन किलोमीटर उंच व्हावा लागेल, असा त्यांचा हिशेब. पुलाच्या दगडावर त्याच्या ताकदीचा जेमतेम लहानसा हिस्सा दाब असतो. म्हणजे कमान दगडाच्या ताकदीवर उभी नसते, आकारावर उभी असते. आणि पडते तीही आकार बिघडल्यामुळंच.

याचा धडा वेल्समधल्या विल्यम एडवर्ड्स या हौशी बांधकाम करणाऱ्याला फार महागात मिळाला. अठराव्या शतकात टाफ नदीवर पूल बांधताना त्याचे आधीचे प्रयत्न एकामागून एक फसले. एक पूल पुरानं नेला. पुढं एकदा तर कमानीच्या खांद्यांवर भर जास्त आणि माथा हलका झाल्यानं माथ्याचे दगड चक्क वरच्या दिशेनं उसळले आणि सगळं कोसळलं. १७५६ मध्ये त्यानं खांद्यांमध्ये आरपार गोल भोकं ठेवून तिथलं वजन कमी केलं. सुमारे ४३ मीटर गाळ्याचा तो पूल आजही पोंटिप्रिड गावात उभा आहे. पूल टिकवायला त्यातलं वजन काढून घ्यावं लागलं!

हेमन यांच्या मांडणीतली आणखी एक गोष्ट जुने पूल सांभाळणाऱ्या प्रत्येकानं मनात ठेवावी अशी आहे. जुन्या कमानीला भेगा असतातच. काठावरचे आधार शतकानुशतकांच्या रेट्यानं केसभर मागं सरकतात. मग माथ्याखाली एक भेग उघडते आणि दोन्ही खांद्यांकडं एकेक. या भेगा म्हणजे दाराच्या बिजागऱ्याच. तीन बिजागऱ्यांवर कमान नव्या अंतराशी जुळवून घेऊन सुखानं उभी राहते. ती पडायला चौथी बिजागरी लागते. माथा आणि पाय यांच्या मध्यावर, एकाच बाजूला, बराच जड बोजा आला तर ती तयार होऊ शकते. किल्ली अडकवलेली साखळी ती हीच. म्हणून १६७० चा तो हुकूम भाबडा नव्हता. एका गाडीवर लादलेलं जातं म्हणजे भार एका जागी एकवटलेला, तोही चढावर, तोही खडबडीत फरशीवर हिसके खात जाणारा. लुकाच्या सभेला बिजागऱ्यांचं गणित माहीत नसेल. पण कोणत्या बोज्याखाली पूल कुरकुरतो, हे माहीत असावं.

तरीही कमानींचा मोठा वैरी वरून येत नाही, तो खालून येतो.

मध्ययुगातली सर्वांत मोठी दगडी कमान याच इटलीत होती. मिलानजवळ त्रेत्सो इथं आद्दा नदीवर १३७० ते १३७७ या काळात बांधलेल्या त्या कमानीचा गाळा ७२ मीटरचा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत तेवढी झेप दगडी पुलाला पुन्हा जमली नाही. १४१६ च्या लढाईत सेनापती कार्मान्योला याला ती पाडायची होती. त्यानं कमानीला हात लावला नाही. एका काठाचा आधार खालून पोखरला. पाय निसटले आणि कमान आपल्याच वजनानं नदीत गेली.

नदी हेच काम दर पुरात करू पाहते. खांबावर आपटलेलं पाणी नुसतं बाजूला होत नाही, ते खांबाच्या पुढच्या अंगाला खाली झेपावतं, तळाशी भोवरा होतो आणि तो भोवरा खांबाच्या बुडाची वाळू-गोटे खरवडून काढतो. फांद्या-ओंडके अडकले की वाट आणखी अरुंद, धार आणखी जोरकस. फसवी गोष्ट अशी की पूर ओसरताना तोच खड्डा मोकळ्या गाळानं पुन्हा भरतो. दुसऱ्या दिवशी काठावरून पाहणाऱ्याला पाया जसाच्या तसा दिसतो. सेर्कियोच्या १८३६ च्या पुरानं या पुलाचंही मोठं नुकसान केलं होतं. पण मुख्य प्रवाहाच्या वाटेत खांबच नाही, ३७.८ मीटरच्या त्या एका झेपेतून पाणी आणि ओंडके निघून जातात. चढणीचा त्रास सोसून एवढी मोठी कमान घालण्याचा हा मोठा फायदा.

महाराष्ट्रात हे वाचताना २ ऑगस्ट २०१६ ची रात्र आठवल्याशिवाय राहत नाही. मुंबई-गोवा महामार्गावर महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन दगडी कमानींचा पूल पुरात गेला आणि त्याच्यासोबत एसटीच्या दोन बस आणि इतर वाहनं गेली. काळोखात, मुसळधार पावसात, पुढं पूल नाही हे चालकांना दिसलंही नसेल. दगडी पूल अचानक, पूर्वसूचना न देता पडतात असं त्यानंतर खूप बोललं गेलं. पण जुन्या दगडी पुलांच्या सूचना अनेकदा पाण्याखाली असतात. खांबाच्या बुडाशी मोजपट्टी टाकणं, पूर ओसरल्यावर पाणबुड्या उतरवून पाया चाचपणं, आदल्या वर्षीच्या नोंदीशी ताडून पाहणं, हे कंटाळवाणं काम नेमानं झालं तर त्या वाचता येतात. राज्यात अशा जुन्या कमानींवरून आजही वाहतूक चालते. त्यांच्याविषयी बोलताना फक्त वयाचा उल्लेख होतो. पायाची स्थिती हा पहिला प्रश्न असायला हवा.

दुसरा वैरी आपणच, आणि तोही दुरुस्तीच्या उत्साहात. जुन्या पुलाचे सांधे चुन्याचे. घाण्यात मळलेला चुना आपल्या किल्ल्यांनीही पाहिला आहे. अनेक गडांवर त्या घाण्यांचे गोल चर आणि दगडी चाकं अजून आहेत. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत सावकाश घट्ट होतो. तो दगडापेक्षा मऊ असतो, थोडंसं हलणं पोटात घालतो आणि ओल बाहेर जाऊ देतो. त्याच सांध्यात सिमेंट भरलं की सांधा दगडापेक्षा कडक होतो. आत शिरलेलं पाणी अडकतं, क्षार साठतात आणि सांध्याऐवजी दगडाचाच पापुद्रा सुटू लागतो. वरून काम छान, गुळगुळीत दिसतं. सांध्यात रुजलेलं पिंपळाचं रोपही असंच. आज बोटभर, दहा वर्षांनी दगड उचकटणारं.

सैतानाच्या पुलानं याहूनही वाईट दिवस पाहिले. ७ सप्टेंबर १९२० चा मोठा भूकंप याच टापूत झाला. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांची ‘गॉथिक लाइन’ ही संरक्षक फळी बोर्गो आ मोत्सानोपाशीच खोरं ओलांडत होती. तिथले खंदक आणि बंकर अजून पाहायला मिळतात. माघार घेणाऱ्या जर्मन सैन्यानं ऑगस्ट १९४४ मध्ये फ्लोरेन्समध्ये पोन्ते वेक्कियो सोडून आर्नोवरचे सगळे पूल उडवले होते. सेर्कियोवरचा हा म्हातारा वाचला. त्याच वर्षीच्या डिसेंबरअखेर या खोऱ्यात जर्मनांनी प्रतिहल्ला चढवला, तेव्हा आघाडी सावरायला आठवी भारतीय डिव्हिजन इथं धाडली गेली. मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन याच डिव्हिजनमध्ये होती. तिच्यातल्याच नगर जिल्ह्याच्या नामदेव जाधव या शिपायाला पुढं ९ एप्रिल १९४५ च्या सेनियो नदीवरच्या लढाईतल्या शौर्यासाठी व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. युद्धानं कमानींच्या शास्त्रालाही एक निकड दिली. कोणत्या जुन्या पुलावरून कोणता रणगाडा नेता येईल, हे लष्कराला झटपट ठरवायचं होतं. आल्फ्रेड पिपार्ड यांच्या संशोधनावर आधारलेली त्यासाठीची सोपी पद्धत ब्रिटनमध्ये नंतरही दशकानुदशकं प्राथमिक तपासणीला वापरली गेली.

इटलीत अशा वास्तूंना १९३९ च्या कायद्यानं आणि आता २००४ च्या सांस्कृतिक वारसा संहितेनं संरक्षण आहे. वारसा खात्याच्या परवानगीशिवाय इथला दगड हलवता येत नाही. पूल फक्त पायी चालणाऱ्यांचा आहे. म्हणजे १६७० चा हुकूम आता आणखी कडक झाला आहे. पण सगळं जसंच्या तसं राखलेलं आहे असं मात्र नाही. १९४० च्या दशकाच्या शेवटी थोडं खाली वीजनिर्मितीसाठी धरण झालं आणि पुलाखालची खळाळती नदी संथ झाली. आज छायाचित्रांत दिसणारं ते सुप्रसिद्ध दृश्य, अर्धी कमान दगडाची आणि अर्धी पाण्यातली, मिळून पूर्ण वर्तुळ, हे त्या धरणाची देणगी आहे. माटिल्डाच्या काळातल्या यात्रेकरूनं ते कधी पाहिलं नसेल.

आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लुका-आउल्ला रेल्वे आली, तेव्हा काठाकडचा जुना भाग मोडून रुळांसाठी वेगळी कमान घालावी लागली. जवळ गेलं की ती ओळखू येते. जातं न्यायला जिथं बंदी होती, त्या पुलाच्या या सर्वांत तरुण कमानीखालून खोऱ्यातली गाडी अजूनही धडधडत जाते. वर चढण चढणारे क्षणभर थांबतात, कठड्यावर हात ठेवून खाली पाहतात आणि गाडी गेली की माथ्याकडं निघतात.